मदत हवी आहे: साडीच्या दुकानातला कॅमेरा-आरसा अडखळतोय, पाय आखूड दाखवतोय

चाटीगल्ली
सोलापुरात चाटी गल्लीतल्या एका साडीच्या दुकानात कॅमेरा-आरसा (कॅमेऱ्याचं चित्र टीव्हीवर आरशासारखं दाखवणारा) बसवायचं काम चालू आहे. ४३ इंची टीव्ही उभा लावलाय. वरच्या कडेवर, जमिनीपासून १६८ सेंमीवर यूएसबी २ चा वेबकॅम आहे (१०८०पी, कर्णात ७८ अंशांचा कोन दिसतो). सेन्सरची लांब बाजू उभी येईल असा तो फिरवलाय आणि सुमारे २९ अंश खाली झुकवलाय. मागे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक. ओपनसीव्हीत (चित्रांवर काम करणारी कोडची लायब्ररी) प्रत्येक फ्रेम फिरवतो, उलटवतो, कापतो, मोठी करतो. गिऱ्हाईक दीड मीटरवर उभं राहतं.

तीन अडचणी:
१. पदर सावरला की चित्र बऱ्याच उशिराने हलतं. वेग सेकंदाला १० फ्रेम.
२. डोकं मोठं, पाय आखूड. निऱ्यांचा घोळ नीट दिसत नाही.
३. लाल इरकल अंगावर धरली की मागची पांढरी भिंत हिरवट-निळी होते.

काठपदर
आधी दुसरी अडचण घ्या, कारण ती कोडने पूर्ण सुटणार नाही. २९ अंश झुकवल्यावर लेन्सच्या अक्षावर मोजलं तर डोकं १.३५ मीटरवर येतं आणि पाय २.१३ मीटरवर. म्हणजे डोकं पायांच्या मानाने जवळजवळ १.६ पट मोठं. गणिताने हा तिरपेपणा सरळ करता येतो, पण कॅमेऱ्याने वरून पाहिलेलं वरूनच राहतं. भांग जास्त दिसतो, निऱ्यांची घडी दबते.

कॅमेरा टीव्हीच्या बाजूच्या कडेला, जमिनीपासून १०० सेंमीवर लावा. खाली अजिबात झुकवू नका, फक्त आतल्या बाजूला ११ अंश वळवा. उभ्या सेन्सरचा कोन ७० अंश आहे, त्यामुळे दीड मीटरवर दोन मीटरहून जास्त उंची मावते. आडव्या दिशेला ४३ अंश मिळतात, लागतात ३८. कडेची जागा थोडीच उरते, म्हणून स्टँड घट्ट बसवा.

पडद्यावर किती दाखवायचं हे खऱ्या आरशावरून ठरतं. काचेवर माणूस नेहमी निम्म्या मापाचा दिसतो. तुमचा पडदा ५३.५ × ९५ सेंमी, तेव्हा गिऱ्हाइकाच्या जागी १०७ × १९० सेंमीचा आयत पडदाभर यायला हवा. फ्लेक्सवाल्याकडून तेवढा आयत छापून घ्या, लाकडी चौकटीवर ताणा आणि दीड मीटरवर टीव्हीला समांतर उभा करा, खालची कड जमिनीला टेकवून. त्याचे चार कोपरे कॅमेऱ्याच्या चित्रात टिपा. चित्र सरळ उभं धरलं असता उजवीकडे दिसणारे कोपरे पडद्याच्या डाव्या कडेला द्या, डावीकडचे उजव्या. या चार जोड्यांवरून ओपनसीव्ही एक मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) काढून देतं. त्या एकातच फिरवणं, आरशासारखं उलटवणं, कापणं, सरळ करणं सगळं आलं. तपासायला सोपं: डाव्या खांद्यावरचा पदर पडद्यातही डावीकडेच दिसला पाहिजे.

शेडरवाला
आता वेग. चार कामं वेगळी करता म्हणजे २० लाख पिक्सेल चार वेळा मेमरीतून ये-जा करतात. वरचं मॅट्रिक्स आणि लेन्समुळे रेषांना येणाऱ्या बाकाची दुरुस्ती एकत्र करून सुरुवातीलाच एक नकाशा बनवा: पडद्यावरच्या प्रत्येक बिंदूसाठी कॅमेऱ्याच्या चित्रातला कुठला बिंदू घ्यायचा. प्रत्येक पिक्सेलसाठीही तो नको, ३२ × ३२ चौकोनांची जाळी पुरते. जाळीच्या कोपऱ्यांना ते निर्देशांक द्या आणि ओपनजीएल ईएसने (ग्राफिक्स चिपकडून काम करून घेणारी लायब्ररी) फ्रेम तिच्यावर ताणा. उलटवण्याचा खर्च मग शून्य. प्रोसेसरकडे जेपीईजी उलगडणं तेवढं उरतं.

वेबकॅमचा फॉरमॅट एमजेपीईजीच (प्रत्येक फ्रेम जेपीईजीत दाबून पाठवणारा) हवा. न दाबलेल्या वाययूवाय२ मध्ये १०८०पी, ३० फ्रेमला सेकंदाला १२४ एमबी लागतात, यूएसबी २ ची कागदावरचीच मर्यादा ६० एमबी. मग बरेच वेबकॅम काही न सांगता ५ फ्रेमवर येतात. कोडमध्ये फॉरमॅट आधी सेट करा, मग आकार.

उशीर मात्र मुख्यतः बफरचा, म्हणजे थांबलेल्या फ्रेमच्या रांगेचा असणार. रांगेत ४ फ्रेम आणि तुमचा लूप सेकंदाला १० चा, म्हणजे ४०० मिलिसेकंद तिथेच गेले. फ्रेम ओढायला वेगळा थ्रेड ठेवा आणि दाखवताना सगळ्यात ताजीच उचला. टीव्ही गेम मोडवर टाका, ओव्हरस्कॅन (टीव्हीचं चित्र थोडं मोठं करणं) बंद करा, नाहीतर कडा कापल्या जाऊन निम्म्या मापाचा हिशोब बिघडतो. मोजायला मोबाईलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये हात आणि पडदा एकत्र टिपा. मधली प्रत्येक फ्रेम ४.२ मिलिसेकंदांची.

रंगासाठी ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरा रंग आपणहून ठरवणं) बंद. दुकानातल्या दिव्यांखाली पांढरा कागद धरून आकडा ठरवा आणि पक्का करा. एक्स्पोजरही हाताने, १/१०० किंवा १/५० सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. नाहीतर पट्टे सरकतात. उजेड कमी पडला की फ्रेम कमी करणारी सेटिंगही बंद करा.

चाटीगल्ली
नकाशा जमला, वेग ३० वर आला. पण गिऱ्हाईक मागे सरकलं की लहान होतं आणि बाजूलाही जातं. खऱ्या आरशात असं होत नाही.

काठपदर
कॅमेरा ३० सेंमी बाजूला असल्याने अंतर बदललं की मधला बिंदूही सरकतो, म्हणून नुसतं झूम करून भागणार नाही. अंतर मीटरमध्ये धरलं तर कॅमेऱ्याच्या चित्राच्या उंचीचा १.३५ भागिले अंतर इतका भाग वापरायचा: दीडला ९०%, दोनला ६७.५%, अडीचला ५४%. फ्लेक्स दर पाव मीटरवर उभा करून १.५ ते २.५ मीटरच्या पाच जाळ्या करून ठेवा. व्हीएल५३एल१एक्स या लेसरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरने अंतर घ्या आणि शेजारच्या दोन जाळ्यांमधलं प्रमाण काढा. जाळी बदलताना चित्र उडी मारत नाही. सेन्सरचं वाचन थोडं हलतं, त्यामुळे शेवटच्या पाच वाचनांतलं मधलं घ्या. काळ्या चंद्रकळेवरून किरण कमी परततो, तेव्हा वाचन आलं नाही तर आधीचंच अंतर धरून ठेवा.

शेडरवाला
आणि रास्पबेरी पाय टीव्हीच्या मागे कोंडून ठेवू नका. ८० अंशांना तो स्वतःच वेग कमी करतो, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये तिथे पोचायला वेळ लागणार नाही. हीटसिंक आणि पंखा लावा, मागे हवा खेळती ठेवा.