चर्चा : ‘त्यांनीच बोलावलं’ म्हणून शेजारच्या देशात फौज घालावी का?

टिळकवाडीकर
अमेरिकेला शिव्या घालायला आपल्याकडं मुहूर्त लागत नाही. बरोबरच आहे. १८२३ ला त्यांचा अध्यक्ष मॉन्रोनं युरोपला बजावलं, या खंडात लुडबुड करू नका. मग स्वतःच शंभर-दीडशे वर्षं केली. हैतीत १९१५ ते १९३४ मरीन ठाण मांडून होते. ग्वाटेमालात १९५४ ला सीआयएनं आर्बेन्झचं निवडून आलेलं सरकार पाडलं. त्याचा गुन्हा काय, तर युनायटेड फ्रूट या अमेरिकी केळी कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना वाटायला काढली. (कर्नाटकात देवराज अरसांच्या कूळकायद्यात ज्यांच्या नावावर जमीन झाली, त्यांना हे फोडून सांगायला नको.) १९८३ ला लाखभर वस्तीच्या ग्रेनाडावर स्वारी, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध.

माझा प्रश्न मात्र आपल्याबद्दल आहे. २७ जून १९८६ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं निकारागुआच्या खटल्यात अमेरिकेला दोषी धरलं. परक्या देशातल्या बंडखोरांना शस्त्रं आणि प्रशिक्षण देणं हा हस्तक्षेप आहे, असा निकाल. अध्यक्ष होते आपले नागेंद्र सिंह. त्याच काळात श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या छावण्या कुठं चालू होत्या? तमिळनाडूत. निकालाला वर्ष व्हायच्या आत, ४ जून १९८७ ला, आपली मालवाहू विमानं मिराज लढाऊ विमानांच्या पहाऱ्यात जाफन्यावर धान्य टाकून आली. कोलंबो नको म्हणत असताना. यात आणि त्यात फरक काय, सांगा.

माजी सैनिक, हिंडलगा
फरक असा की श्रीलंकेत फौज करार करून गेली. २९ जुलै १९८७, तिथले अध्यक्ष जयवर्धने आणि राजीव गांधी, दोघांच्या सह्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्याच बेळगावात आहे, त्या वेळच्या कुणालाही गाठून विचारा. ज्या तमिळांना वाचवायला पलटणी गेल्या त्यांच्याच बंडखोरांनी सुरुंग पेरले. वरून हुकूम, वस्तीत जड हत्यार जपून वापरा. बाराशेच्या आसपास जवान गेले. आपण तिथं एक एकर जमीन घेतली नाही की केळीची कंपनी काढली नाही. अमेरिकेला आणि आपल्या जवानाला एका दावणीला बांधू नका.

निपाणीवाला
साहेब, जवानाबद्दल कोण बोलतंय? त्याला पाठवणाऱ्याबद्दल बोलणं चाललंय. करार झाला खरा, आणि दुसऱ्याच दिवशी कोलंबोत मानवंदना घेताना राजीव गांधींवर श्रीलंकेच्याच एका नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारून हाणला. १९८९ ला तिथले नवे अध्यक्ष प्रेमदासांनी तर मुदत घालून ‘जा’ म्हटलं. मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली.

टिळकवाडीकर
मी तेच विचारतोय. बोलावलं, मान्य. कुणी बोलावलं? ज्याची खुर्ची डुगडुगत होती त्यानं. जयवर्धनेंना दक्षिणेतलं जेव्हीपी या डाव्या सिंहली संघटनेचं बंड मोडायला स्वतःचं सैन्य मोकळं हवं होतं. ग्रेनाडातही अमेरिकेच्या खिशात पूर्व कॅरिबियन राज्यांची विनंती होतीच. असला कागद मिळवणं बलाढ्य देशाला कधीच जड जात नाही.

खानापूर रोड
एवढं लांब कशाला जाता? १९५६ पासून आपल्या डोक्यावर काय चाललंय ते बघा की.

टिळकवाडीकर
भाऊ, सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर इथं रोज भांडणं होतातच. हा दोन देशांचा विषय आहे. निपाणीहून कागलला जायला पासपोर्ट लागत नाही.

कित्तूरची लेक
लांब जायचं नसेल तर कित्तूरला या. मॉन्रो बोलला डिसेंबर १८२३ ला. दहा-अकरा महिन्यांत, २३ ऑक्टोबर १८२४ ला, धारवाडचा कलेक्टर थॅकरे आमच्या किल्ल्यापुढं मारला गेला. आला होता कशाला? संस्थानचा दत्तक कंपनीला मंजूर नव्हता म्हणून. बोलावणं वगैरे काही नाही. तुमचा वारस आम्ही ठरवणार, बस.

चेन्नम्मांच्या पुतळ्याला आपण हार घालतो, आणि काठमांडूत कुणी त्याच सुरात बोललं की लगेच त्यामागं चीन दिसतो! १९८९ ला करार संपले म्हणून आपण नेपाळची बहुतेक नाकी बंद केली. २०१५ ला त्यांची नवी घटना आली आणि सीमेवर पुन्हा ट्रक अडले. दिल्ली म्हणते, नेपाळच्या तराईतल्या मधेशी आंदोलकांनी अडवले. आंदोलन होतं, त्यांचं गाऱ्हाणंही खरं होतं. पण गॅस संपून चुलीला सरपण शोधणाऱ्या बाईला हे कोण पटवणार?

चंदगडचा पाव्हणा
सगळे दिल्लीवर घसरलात. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४० च्या दशकात बंगालात काय कमी केलं? १७५१ ला वर्षाला १२ लाखांची चौथ ठरली तेव्हा थांबले. तिथंही ओडिशातून हाकललेल्या गटानं मदत मागितल्याचं निमित्त होतंच.

माजी सैनिक, हिंडलगा
पानिपतापर्यंत न्या आता. मालदीवचं नाव कुणी घेत नाही. ३ नोव्हेंबर १९८८, तिथले अध्यक्ष गयूमनी हाक मारली, त्याच रात्री आपले पॅराट्रूपर उतरले, बंड मोडलं. आणि बांगलादेश? कोटीभर निर्वासित दारात असताना हात बांधून बसायचं होतं? मार्च १९७२ ला आपलं सैन्य बाहेरही पडलं.

टिळकवाडीकर
बांगलादेश मी मुद्दाम धरला नाही. तिथं डिसेंबर १९७० ला लोकांनी मत देऊन निवडलेली माणसं मदत मागत होती. मालदीवचं बंड मोडलं ते बरंच झालं. पण ते भाडोत्री होते कोण? श्रीलंकेतल्या तमिळ बंडखोरांच्या ‘प्लोट’ संघटनेचे, ज्यांच्या छावण्या तमिळनाडूतच होत्या. आणि वाचली ती गयूम यांची खुर्ची. १९७८ पासून एकाच उमेदवाराच्या कौलावर बसलेले, ते २००८ पर्यंत उठले नाहीत.

माजी सैनिक, हिंडलगा
पुरे झालं. उद्या तिथून परत फोन आला तर उचलायचा की नाही, तेवढं सांगा.

टिळकवाडीकर
उचलायचा. तिथल्या संसदेचा ठराव मागायचा. तो येईपर्यंत औषध-धान्य पाठवायचं, पलटण नाही.

माजी सैनिक, हिंडलगा
आणि ठराव व्हायच्या आत संसदच ताब्यात गेली तर?