मदत हवी आहे: सगळ्यांचा आलेख एक सांगतो, एकेकाचा दुसरंच

रानजाई
एमए मानसशास्त्र, शेवटचं सेमिस्टर, डिझर्टेशन अडकलंय. गाईड म्हणतात, एक तर केस स्टडी कर, नाही तर सर्वांना लागू होणारा नियम शोध, दोन दगडांवर पाय नको. माझा डेटा दोन्हींत बसत नाही. एकत्र आलेख छान येतो, एकेकाचा काढला की बिघडतो. सबमिशन २० तारखेला आहे. प्लीज लवकर सांगा.

कोरा_कागद
कसला डेटा? किती जण? "बिघडतो" म्हणजे नेमकं काय होतं?

देशमुख_नाशिक
सॅम्पल लहान असणार. गूगल फॉर्म करा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, चार दिवसांत दीडशे जण होतात. मी असंच केलं आणि व्हायवात कोणी काही विचारलं नाही.

पिंपळपान
दीडशेचा आग्रह कशाला? जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊसने १८८५मध्ये विस्मरणाचा वक्र मांडला तो फक्त स्वतःवर प्रयोग करून, निरर्थक अक्षरं पाठ करत. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचं १९५३मध्ये मेंदूचं ऑपरेशन झालं. पुढे तो आरशात बघून चांदणी गिरवायला दिवसागणिक सुधारत गेला, पण आदल्या दिवशी गिरवली होती हे त्याला आठवत नसे. एका माणसामुळे स्मृतीचा अख्खा अभ्यास बदलला.

देशमुख_नाशिक
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! दोघांच्या बाबतीत शोध सर्वसाधारण नियमाचाच होता. एक माणूस घेतला म्हणून अभ्यास व्यक्तीचा होत नाही.

पिंपळपान
हे मान्य. पण मग "सॅम्पल वाढवा" हे उत्तर कसं होतं?

अभ्यासू_मावशी
गाईड सांगतात ती विभागणी जर्मन तत्त्वज्ञ विंडेलबँडने १८९४मध्ये स्ट्रासबुर्गच्या भाषणात मांडली: नोमोथेटिक म्हणजे नियम शोधणारं, इडिओग्राफिक म्हणजे एकमेवाचं वर्णन करणारं. मानसशास्त्रात ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ऑलपोर्टने १९३७च्या व्यक्तिमत्त्वावरच्या पुस्तकात रुजवली. नेटच्या परीक्षेलाही विचारतात, पाठ करून ठेव.

रानजाई
मावशी, ते सगळं पहिल्या प्रकरणात लिहून झालंय.
डेटा असा: १४ विद्यार्थी, २८ दिवस. रोज सकाळी किती तास झोपलो, रात्री मूड १ ते १०. प्रत्येकाची महिन्याची सरासरी काढली तर जास्त झोपणाऱ्यांचा मूड चांगला. पण एकेकाचे २८ दिवस बघितले तर नऊ जणांचं तसंच, तिघांचं काहीच नाही, दोघांचं चक्क उलटं! क्र. ७ ज्या दिवशी चार तास झोपला त्या दिवशी मूड ९. सर म्हणतात ते दोघे काढून टाक.

आईपण_आणि_मी
झोपेचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, माझी मुलगी दहावीत आहे, रात्री दोनपर्यंत जागते. काय करावं?

कोरा_कागद
ताई, वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की लिहितो.

टंकलेखक
मी मानसशास्त्रातला नाही, पण वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलाय. चाळीसच्या स्पीडची मुलं तीसच्या मुलांपेक्षा कमी चुका करतात. म्हणून तीसच्या मुलाला "जोरात मार, चुका कमी होतील" सांगून बघा, पान लाल होतं! माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसाच्या दोन दिवसांतला फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोरा_कागद
टंकलेखककाका, नेमकं बोललात. हाच मुद्दा मानसशास्त्रज्ञ मोलेनार यांनी २००४मध्ये गणिताने मांडला: गटाचा निष्कर्ष व्यक्तीला लावायचा तर आधी काही कडक अटी पूर्ण व्हाव्या लागतात, आणि बदलत्या मनाबाबत त्या सहसा होत नाहीत. फिशर, मेडाग्लिया आणि जेरोनिमस यांचा याच विषयावरचा २०१८चा पेपरही वाच.
रानजाई, कोणालाही काढू नकोस. प्रत्येकाच्या रोजच्या आकड्यातून त्याचीच सरासरी वजा कर, मग १४ आलेख वेगवेगळे काढ. आजचा मूड कालच्यासारखाच असण्याची शक्यता असते, त्यामुळे २८ दिवस म्हणजे २८ सुट्या नोंदी नव्हेत, हे मर्यादांमध्ये लिही. आणि क्र. ७चं काय चाललं होतं? वहीत शेरा आहे का?

देशमुख_नाशिक
१४ आलेख बघायला परीक्षकांकडे वेळ नसतो. तरी दोघांना काढू नका हे मलाही पटतं.

रानजाई
शेऱ्याचा रकाना होता, मी उघडलाच नव्हता. क्र. ७ने लागोपाठ अकरा दिवस एकच शब्द लिहिलाय: तालीम. पुरुषोत्तमची एकांकिका बसवत होते. स्पर्धा झाल्यावर झोप सात तासांवर आणि मूड ४वर.
दुसऱ्या उलट्या मुलीचा रकाना कोरा आहे. तिची हरकत नसेल तर उद्या तिच्याशी बोलते. १४ आलेख एका पानावर बसवलेत, सातवा मोठा केलाय. सरांकडे सकाळी अकराला जाते.