मदत हवी आहे: फॅसिलिटेटर विद्यार्थ्यांना तयार कसं करायचं?

आमच्याकडे मेडिकल, नर्सिंग, फिजिओ आणि फार्मसीची पोरं एकत्र बसून एक केस सोडवतात असा उपक्रम आहे. गट जास्त, शिक्षक कमी, म्हणून आता शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच फॅसिलिटेटर (म्हणजे स्वतः न शिकवता गटाची चर्चा चालवणारे) करायचं ठरलंय आणि त्यांना तयार करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कल्पना मला पटते, सरांपेक्षा सिनियरसमोर ज्युनियर मोकळं बोलतात.

ट्रायल घेतली. केस होती स्ट्रोकच्या पेशंटला घरी सोडायची. बसल्या बसल्या मेडिकलच्या मुलाने मार्कर उचलला आणि बीपी, गोळ्या, फॉलोअप असं सगळं बोर्डवर लिहून मोकळा. नर्सिंगची मुलगी काही सांगायला गेली तर "हो, ते आहेच" म्हणून हा पुढे. फॅसिलिटेटरही मेडिकलचीच, ती रक्त पातळ करायचं औषध कधी सुरू करायचं यावर त्याच्याशीच बोलत बसली, चर्चा एकदम भारी झाली पण दोघांचीच. पेशंटला नीट गिळता येत नाही हे केसच्या पहिल्याच परिच्छेदात लिहिलेलं, तरी तो या गोळ्या घेणार कशा हे कुणीच विचारलं नाही!

अशा एकत्र शिकण्याची, म्हणजे आंतरव्यावसायिक शिक्षणाची, डब्ल्यूएचओची २०१० ची व्याख्या आहे ना, वेगवेगळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं, तर आमचं फक्त सोबत बसणं झालं.

ट्रेनिंगला दोनच दुपारी मिळणार आहेत. विषय येणाऱ्या मुलाला शिकवायचा मोह आवरायला कसं शिकवता? आणि जो सगळ्यांच्या वतीने बोलतो त्याला न दुखवता थांबवायचं कसं? लेक्चर देऊन झालंय, उपयोग शून्य.

प्रतिसाद १

आधी केस बदला, अर्धं दुखणं तिथेच आहे. सगळ्यांना सगळी माहिती दिली की जो पटकन वाचतो तो जिंकतो. त्यापेक्षा वाटून द्या. पाणी पिताना ठसका लागतो ही रात्रीची नोंद नर्सिंगकडे, औषधांची यादी फार्मसीकडे आणि त्यात एक सस्टेन्ड रिलीजची गोळी मुद्दाम घाला, म्हणजे "चुरून देऊ" असं कुणी म्हणालं की फार्मसीवाल्याला बोलावंच लागतं, कारण ती चुरली तर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. पेशंट पलंगावरून खुर्चीत कसा येतो ते फिजिओकडे. स्पीच थेरपीची मुलं मिळाली तर जरूर घ्या, गिळण्याची तपासणी त्यांचंच काम.

आणि फॅसिलिटेटर जोडीने ठेवा, दोन वेगळ्या कोर्सचे. दोघी मेडिकलच्या नकोत. एक चर्चेत वाहवत गेली तर दुसरी खेचते.

प्रतिसाद २

जोडीला +१. ट्रेनिंगमध्ये थिअरी अर्ध्या तासात उरका आणि बाकी वेळ नुसता सराव. एकाने गट चालवायचा, बाकीच्यांना चिठ्ठ्या द्यायच्या, तू सतत बोलणारा, तू मोबाईल बघणारी, तू "हे आमचं काम नाही" म्हणणारा. बाहेर बसलेल्याने कागदावर गोल काढून कोणानंतर कोण बोललं त्याच्या रेघा ओढायच्या. नंतर तो कागद दाखवा, वेगळं बोलावं लागत नाही.

प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायची सवय लावा, सुरुवातीला जीव जातो पोरांचा. बडबड्याला थांबवायला "तुझा मुद्दा बोर्डवर आला, आता हे घरी कोण करणार ते नर्सिंगकडून ऐकू" एवढं पुरतं. मार्कर मात्र त्याच्या हातात देऊ नका.

मूळ लेखक

चिठ्ठ्यांचं लगेच करतोय, केसही वाटून लिहितो. एक राहिलं, गटात कुणी दुसऱ्या कोर्सला खरंच लागेल असं बोललं तर विद्यार्थी फॅसिलिटेटरने तिथेच बोलायचं की शेवटच्या डिब्रीफला, म्हणजे केस संपल्यावर काय कसं झालं त्या चर्चेत? आमच्यात यावरून दोन तट पडलेत.

प्रतिसाद १

तिथेच, पण एका वाक्यात. डिब्रीफपर्यंत थांबलात तर ज्याला लागलं तो तोवर गप्प झालेला असतो. भांडण वाढलं तर शिक्षकाला हाक मारायची, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.