पाककृती वाटीने लिहायची की ग्रॅमने?

केळफूल:
फराळाच्या पाककृती सुरू झाल्या आणि पुन्हा तेच: "दोन वाट्या बेसन, वाटीभर पिठीसाखर, तूप लागेल तसं." कुठली वाटी? आमच्या घरात आमटीची वाटी 150 मिलीची, सासूबाईंची 200 ची. परदेशातल्या मुली कप घेतात, तर अमेरिकेत तो साधारण 240 मिलीचा आणि ऑस्ट्रेलियात 250 चा. (तिथला टेबलस्पूनही 20 मिलीचा, आपण धरतो 15.) बरं, कप ठरला तरी मैदा चमच्याने हलका भरला तर 120-125 ग्रॅम बसतो, कपच डब्यात खुपसला तर 150 पर्यंत जातो. वजनकाटा आता चैनीची वस्तू नाही. ग्रॅममध्ये लिहा, विषय संपला.

अडकित्ता:
असहमत. वाटी म्हणजे प्रमाण. रवा दोन तर साखर एक, उकडीला पिठीइतकंच पाणी. एकच वाटी शेवटपर्यंत वापरा, ती लहान असली तर मोदक कमी होतील एवढंच. पायली, शेर, मापटं, चिपटं यांवर पिढ्यानपिढ्या स्वयंपाक झाला.

केळफूल:
सगळंच वाटीने असेल तोवर ठीक. पुढच्या ओळीत "दोन अंडी" किंवा "कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा" आला की तुमचं प्रमाण गेलं. अंडं काही वाटी बघून लहानमोठं होत नाही.

नाचणीसत्व:
ग्रॅमवाल्यांनो, रूपांतर तरी नीट करा. "1 वाटी = 200 ग्रॅम" असले तक्ते फिरतात, ते फेकून द्या. चकलीच्या भाजणीत तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ 240 मिलीच्या कपात साधारण 200 ग्रॅमच्या आसपास भरतात, म्हणून तिथे वाटी-वजन काहीही चालतं. पण जाड पोहे त्याच कपात जेमतेम निम्मे भरतात. तांदळाचाच आकडा लावून पोहे घेतले तर दुप्पट पडतील, मग चकली तुटते म्हणून रडायचं.

तिरफळ:
हेच तुपाचं. लिटरच्या पिशवीवर 905 ग्रॅमही छापलेलं असतं, वाचतो कोण! थिजलेलं तूप आणि चिरलेला गूळ यांना मी वजनच करते. गूळ दाबून भरायचा की सैल, हा वाद नको. सोडा, यीस्ट मात्र चमच्यानेच. घरगुती काटा 1 ग्रॅमच्या टप्प्याने चालतो. 2 ग्रॅम सोड्यात तेवढी चूक झाली तर ढोकळ्याचं काय होईल?

अडकित्ता:
आणि पाण्याचं काय? जुना तांदूळ जास्त पाणी पितो, नवा कमी. ग्रॅममध्ये पाणी लिहून दिलंत की नव्या तांदळाची उकड सैल झालीच. ते हातालाच कळतं.

केळफूल:
तुमच्या हाताला कळतं, कारण आईच्या शेजारी उभं राहून शिकलात. वाचून करणाऱ्याने काय करायचं? पाणी "लागेल तसं" लिहा, मान्य. पण पिठी तरी वजनाने द्या, म्हणजे दोनऐवजी एकच गोष्ट अंदाजाने करायची राहते.

शिळासप्तमी:
भांडणाऱ्यांनी आपापली वाटी काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम तेवढे मिली. पाककृतीत तो आकडा लिहिला तरी निम्मे प्रश्न मिटतील.
फक्त अनारशाच्या ओल्या पिठाचं वजन करू नका! निथळलेल्या तांदळात पाणी किती उरलं ते दरवेळी वेगळं, वजनात तेही येतं. भिजत घालण्याआधी कोरडे तांदूळ तोला आणि गूळ त्या हिशोबात घ्या.

केळफूल:
किलोला गूळ किती?

अडकित्ता:
आमच्याकडे पाऊण किलो. आई वाटीनेच घेते, मी मागून काट्यावर ठेवून पाहिला.