दोन्ही इंजिनं फुल्ल पॉवरवर अडकली, तर एक बंद करायचं का?

टेलविंड:
5 जून 2008, शिकागोचं मिडवे विमानतळ. एक्लिप्स 500, दोन इंजिनांचं छोटं जेट. दोन पायलट, दोन प्रवासी. टेकता टेकता वारा फिरला, विमान खचायला लागलं, म्हणून थ्रॉटल (इंजिनांची ताकद कमी-जास्त करणारे दांडे) जोरात पुढे रेटले. मग मागे ओढले, तर इंजिनं ऐकेचनात, उलट पूर्ण ताकदीकडे निघाली. पुन्हा उड्डाण केलं, आणीबाणी जाहीर केली, बिघाडात काय करायचं याची पुस्तिका उघडली. दोन्ही इंजिनांचं नियंत्रण गेलं तर काय, हे त्यात नव्हतंच. एका इंजिनाची कृती होती, ती धरून एक बंद केलं. तर दुसरं आयडलवर, म्हणजे किमान ताकदीवर, येऊन बसलं आणि हलेना. तरी उतरले. टायर फुटले, माणसं सुखरूप.

माझं मत: एवढ्या लवकर इंजिन बंद करायला नको होतं. जादा ताकद परवडली, ताकदच नसणं नको. आधी धावपट्टीच्या माथ्यावर, भरपूर उंचीवर यायचं, मग स्विचला हात.

स्पॅनर:
अहो, पण वेग कमी होणार कसा? चाकं आणि फ्लॅप (कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या पंखांच्या झडपा) ठरावीक वेगाच्या आतच बाहेर काढता येतात. नाक वर धरलं की विमान चढत सुटतं, खाली केलं की वेग हद्दीबाहेर. एक इंजिन घालवल्याशिवाय उतरायची सोयच नाही.

टेलविंड:
'घालवू नका' म्हटलंच नाहीये, 'कधी' एवढाच वाद आहे.

बिनतिकीट:
मिडवे नकाशावर बघा एकदा. चहूकडे घरं, मुख्य धावपट्टी साधारण 6,500 फूट. डिसेंबर 2005 मध्ये साऊथवेस्ट एअरलाइन्सचं बोइंग 737 विमान बर्फात कुंपण तोडून रस्त्यावर गेलं, मोटारीतला लहान मुलगा दगावला. तिथे घिरट्या कसल्या घालताय?

कुलकर्णी_काकू:
तुम्ही सगळे पायलटांवरच घसरलात. थ्रॉटलचं वाचन हद्दीबाहेर गेलं की संगणकाने शेवटचं ग्राह्य वाचन धरून ठेवायचं, हे कोणी ठरवलं? शेवटचं ग्राह्य म्हणजे फुल्ल पॉवर! जीव धोक्यात असताना माणूस थ्रॉटल रेटणारच की. विमान उडालेलं जेमतेम 238 तास. नंतर एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) तातडीचा आदेश काढला: थ्रॉटल पुढच्या टोकावर घट्ट दाबून तपासा आणि दुहेरी बिघाडाची कृती पुस्तिकेत घाला. हे विकण्याआधी सुचलं नाही होय?

स्पॅनर:
काकू, डिझाइनबद्दल +१. पण त्या दिवशी त्या दोघांच्या हातात एकच पान होतं.

टेलविंड:
तेच पान दुसऱ्या बिघाडासाठी लिहिलेलं होतं! दोन्ही इंजिनं एकाच क्षणी अडकली, म्हणजे आजार इंजिनांचा नाही, त्यांना हुकूम देणाऱ्या यंत्रणेचा. मग एक बंद केल्यावर दुसरं शहाण्यासारखं वागेल हा भरवसा कशाच्या जोरावर?

स्पॅनर:
हा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. आता तुमचं 'माथ्यावर' म्हणजे किती उंची आणि किती वेग, ते आकड्यांत सांगा. आणि दोन्ही इंजिनं फुल्ल असताना तिथे पोचायचं कसं, तेही.