कोमाचीबद्दल थोडं

जपानी कवयित्री ओनो नो कोमाचीच्या रूपाच्या आणि म्हातारपणी भीक मागत फिरल्याच्या गोष्टी सांगतात, पण त्या बहुतेक नंतरच्या दंतकथा आहेत हो, नवव्या शतकातल्या या बाईच्या खऱ्या आयुष्यातलं हाती फार थोडं लागतं, उरल्यात त्या कविता. साधारण ९०५ सालच्या 'कोकिन्शू' या जपानी कवितासंग्रहात तिच्या १८ आहेत. त्यातली फुलांच्या विटलेल्या रंगाची तर सावकाश वाचाच. 'नागामे' म्हणजे लांबलेला पाऊस आणि शून्यात बघत बसणंही, 'फुरु' म्हणजे पाऊस पडणं आणि वय सरणंही, म्हणजे बाहेर पावसात फुलं विटतायत आणि आत ही विचारात बसल्या बसल्या म्हातारी होतेय, दोन्ही कवितेच्या त्याच ३१ मात्रांत! श्लेष इतका हळवा असू शकतो हे मला तिच्यामुळे कळलं. भाषांतरात नेमकं तेच निसटतं, म्हणून मूळ जपानी ओळी निदान कानावर पडू द्या.