ऑनलाइन प्रकल्पासाठी गट सॉफ्टवेअरने कसे पाडावेत?

मिरज_प्राध्यापिका:
दुसऱ्या वर्षाला ६४ मुलं आहेत. मूडलवर (आमच्या ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर) सहा आठवड्यांचा प्रकल्प द्यायचाय: सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांना (हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांना) पर्याय ठरेल अशी हळद साठवायची नवी पद्धत सुचवणं. चौघांचे १६ गट हवेत. जत-आटपाडीकडची बरीच मुलं मोबाइलवरूनच जोडली जातात. मूडलची आपोआप गट पाडण्याची सोय पुरेल का?

कृष्णाकाठ:
नाही पुरणार, मॅडम. ती सोय चिठ्ठ्या टाकल्यासारखी किंवा नाव, आडनाव, ओळख क्रमांकाच्या क्रमाने वाटणी करते. कोणाला काय येतं हे ती बघत नाही.

आधी फॉर्म भरून घ्या: मोकळ्या वेळा, साधन आणि येणारं काम (हिशेब, रेखाटन, लिखाण, हळदीची प्रत्यक्ष माहिती). ‘मी कल्पक आहे, १ ते ५’ असं विचारू नका, सगळे ४ लिहितात. त्याऐवजी तीन मिनिटांत विटेचे उपयोग लिहायला सांगा. मग किती सुचले, किती प्रकारचे आणि इतर कोणालाच न सुचलेले किती, हे तीन आकडे वेगवेगळे ठेवा.

मोकळ्या वेळेची अट कडक ठेवा, चौघांचे आठवड्यात किमान दोन तास जुळलेच पाहिजेत. बाकीच्या गोष्टी किती जुळतात त्यावरून प्रत्येक गटाला गुण द्या. १२ मुलांचे चौघांचे तीन गटच ५,७७५ प्रकारे पडतात. ६४ चे सगळे तपासणं अशक्य. म्हणून गट पाडणारा प्रोग्रॅम कुठलीतरी वाटणी घेतो, दोन मुलांची अदलाबदल करतो, गुण वाढले तरच ती ठेवतो. सुरुवात बदलून हे पन्नासेकदा चालवा, नाहीतर तो साधारण वाटणीवरच अडकतो.

गुण सरासरीवर काढू नका. चार गटांचे गुण ९, ९, १, १ असोत की ५, ५, ५, ५, दोन्हींची सरासरी ५ च! सगळ्यात कमकुवत गटाचे गुण ज्या वाटणीत जास्तीत जास्त येतात, ती घ्या.

वाळवा_लॅब:
विटेच्या आकड्याला मी इतकं वजन देणार नाही. या विषयात हळद जवळून पाहिलेलं एक मूल प्रत्येक गटात असणं जास्त मोलाचं. कॅटमी टीम-मेकर या गट पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रश्नाला ‘सारखे एकत्र’ की ‘वेगळे एकत्र’ हे वजन देऊन ठरवता येतं. वेळ सारखी, कौशल्य वेगळं. गटात मुलगी एकटी पडू नये ही अटही घाला. तयार गट मूडलमध्ये चढवायला वापरकर्त्यांच्या फाइलीत कोर्स आणि गटाचे रकाने द्यावे लागतात. ते अ‍ॅडमिनकडून करून घ्या.

कृष्णाकाठ:
हळदीचं पटलं, तीही कडक अट करा. आणि पहिली बैठक व्हिडिओवर नको. एक बोलतो तेव्हा बाकीच्यांच्या कल्पना विरून जातात. सामायिक शीटवर प्रत्येकाने पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या, मग पुढच्याच्या ओळीत भर घालायची. चार फेऱ्या, २० मिनिटं, ४८ नोंदी. मोबाइलवरही जमतं.